सामना कुणाकडे आहे, ते आधी बघा

आयपीएल तोंडावर आली की घरोघरी एकच चर्चा सुरू होते: नेट कुठलं घ्यायचं? शंभर एमबीपीएस की दोनशे? विक्रेता तर वेगाबद्दलच बोलणार, कारण त्याच्याकडे विकायला वेगच असतो. पण खेळ थेट बघायचा असेल तर वेगाचा नंबर तिसरा. सगळ्यांत आधी बघायचं ते हे, की तुम्हाला हवा असलेला सामना दाखवायचे हक्क कुणाकडे आहेत. त्यानंतर, तो घरातल्या कुठल्या पडद्यावर आणि कुणाकुणाच्या सोबतीनं बघितला जाणार. ही दोन उत्तरं हातात असली की योजना निवडायला दहा मिनिटं पुरतात, आणि बहुतेक घरांत बिल वाढण्याऐवजी कमी होतं.

हक्कांचं गणित गेल्या काही वर्षांत खूप फिरलं. २०२३ ते २०२७ या पाच मोसमांसाठी बीसीसीआयने आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले, तेव्हा टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारला मिळाले आणि इंटरनेटचे व्हायकॉम १८ ला. २०२३ चा मोसम व्हायकॉम १८ च्या जिओसिनेमा ॲपनं फुकट दाखवला आणि मोबाइलवर क्रिकेट म्हणजे फुकट, अशी सवय आपल्याला लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोन्ही घरांचं मिळून जिओस्टार झालं, १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार हे एकच ॲप आलं आणि फुकटचे दिवस जवळजवळ संपले. प्रेक्षकाच्या खिशाला हे खुपलं, पण एक सोय झाली. आयपीएल, महिला प्रीमियर लीग, भारतात होणारे भारताचे सामने, आयसीसीच्या स्पर्धा, ऑस्ट्रेलियातल्या मालिका, प्रो कबड्डी आणि इंग्लंडची प्रीमियर लीग हे सगळं आता एकाच छपराखाली आहे: टीव्हीवर स्टार स्पोर्ट्स, नेटवर जिओहॉटस्टार.

सोनीच्या वाट्याला आशिया चषक, न्यूझीलंडमधलं क्रिकेट, युरोपातली चॅम्पियन्स लीग, टेनिसमध्ये ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच ओपन. फॉर्म्युला वन २०२४ पासून फॅनकोड या ॲपवर आहे, स्पेनची ला लीगाही तिकडेच गेली. कधीकधी एकच मालिका दोघांत वाटली जाते. २०२५ चा भारताचा इंग्लंड दौरा टीव्हीवर सोनीकडे होता, पण नेटवर तो जिओहॉटस्टारनं दाखवला. ज्यांनी सोनीचं ॲप घेऊन ठेवलं होतं त्यांचा पचका झाला. म्हणून मालिका सुरू व्हायच्या आठवड्यात, 'टीव्हीवर कुठे' आणि 'ॲपवर कुठे' असे दोन वेगळे प्रश्न विचारायचे आणि दोन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

आणखी एक तारीख लक्षात असू द्या. आयपीएल, महिला प्रीमियर लीग आणि आयसीसी या तिन्हींचे सध्याचे करार २०२७ पर्यंतचे आहेत. मायदेशातल्या भारताच्या सामन्यांचा करार २०२८ च्या मार्चमध्ये संपतो. पुढे कुणाचं काय होईल ते लिलाव ठरवेल. तेव्हा दोन-दोन वर्षांचे पैसे एकदम भरून 'स्वस्तात पडलं' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

आता कॅलेंडर घ्या, भिंतीवरचं चालेल. घरात कोण काय बघतं ते महिन्यांवर लिहा. मार्चअखेर ते मेअखेर आयपीएल, जून-जुलैत विम्बल्डन आणि बऱ्याचदा परदेश दौरा, ऑगस्टमध्ये प्रीमियर लीगची सुरुवात, हिवाळ्यात मायदेशातल्या कसोटी. बहुतेक घरांत असं दिसतं की खेळाचे खरे महिने पाच-सहाच आहेत आणि पैसे मात्र बारा महिन्यांचे जातात. चॅनल महिन्याला जोडता आणि काढता येतं, ॲप तीन महिन्यांचं घेता येतं. वर्षाच्या योजनेत मिळणारी सूट ही न बघितलेल्या महिन्यांच्या पैशातूनच दिलेली असते.

डिश, केबल आणि फ्री डिश

मोठ्या पडद्यावर, घरातल्या चारपाच माणसांनी मिळून बघायचं असेल तर माझं मत सरळ आहे: थेट खेळासाठी डिश किंवा केबल अजूनही नेटच्या पुढे आहे. चित्र अडकत नाही, आजोबांना रिमोटवर एक आकडा दाबता येतो आणि सामना सगळ्यांच्या बरोबर दिसतो, मागून नाही. या शेवटच्या मुद्द्यावर पुढे येतोच.

डिश-केबलचं बिल कसं बनतं हे फार कमी जण बघतात. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी दरपद्धत आली. तिच्यात बिलाचे दोन भाग आहेत. एक म्हणजे एनसीएफ, नुसतं कनेक्शन चालू ठेवायचं भाडं. दुसरा, तुम्ही निवडलेल्या पैशाच्या चॅनलांची किंमत. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. एनसीएफला बरीच वर्षं २०० चॅनलांना १३० रुपयांची कमाल मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ती काढली गेली, त्यामुळे आता कंपनी-कंपनीत फरक पडतो, विचारून घ्या. चॅनलांच्या बाबतीत नियम असा, की ज्याची किंमत १९ रुपयांपर्यंत आहे तेच चॅनल गठ्ठ्यात, म्हणजे बुकेमध्ये, घालता येतं, आणि प्रत्येक चॅनल सुटंही द्यावंच लागतं.

सुटं मिळतं ही गोष्ट केबलवाला आपणहून सांगत नाही. जुनं १३० चं भाडं धरून हिशेब करू. त्यावर १९ रुपयांची दोन क्रीडा चॅनलं घेतली तर १६८, जीएसटी धरून साधारण १९८ रुपये. 'फॅमिली स्पोर्ट्स' वगैरे भारदस्त नावाचा पॅक याच्या दुपटीला असतो आणि त्यात तुम्ही कधीच लावणार नाही अशी साठ चॅनलं असतात. पण बुके नेहमीच महाग पडतो असंही नाही. घरात संध्याकाळी स्टार प्रवाहच्या मालिका ठरलेल्या असतील, तर त्याच कंपनीच्या मराठी बुकेत क्रीडा चॅनल आहे का ते आधी बघा. असलं तर सुटं घेण्यापेक्षा तोच स्वस्त पडतो. ट्रायचं चॅनल निवडायचं एक ॲप आहे, त्यात तुमचं कनेक्शन टाकून दोन्ही हिशेब समोरासमोर मांडता येतात. एचडी हवंच असेल तर फक्त क्रीडा चॅनल एचडी घ्या. बातम्या एचडीत बघून कुणाचं भलं झालेलं नाही.

मालिकांचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या टीव्हीचंही बोलून टाकू. आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो, आणि साडेसात ते दहा ही मराठी घरातली सर्वांत वादग्रस्त वेळ. दुसरा बॉक्स घेतला की त्यावरही भाडं आणि निवडलेल्या चॅनलांचे पैसे लागतात, म्हणून दुसऱ्या बॉक्सवर पहिल्याचीच पूर्ण यादी चढवू नका. एकावर मालिका, एकावर खेळ, एवढंच ठेवा. किंवा मालिका टीव्हीवर राहू द्या आणि सामना नेटवरून दुसऱ्या पडद्यावर बघा. ॲपवर मालिकेला अर्धा मिनिट उशीर झाला तर कुणाचं बिघडत नाही हे खरं, पण मालिका बघणाऱ्यांना ॲपवर ढकलण्याचा सल्ला मी लेखातून देणार नाही. तो ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर अमलात आणावा.

डिश घ्यायची तर घराची दिशा बघा. आपल्याकडे दिसणारे बहुतेक टीव्ही उपग्रह विषुववृत्तावर, आपल्या पूर्वेला आहेत: टाटा प्ले ८३ अंश पूर्व, फ्री डिश ९३.५, एअरटेल १०८.२. म्हणजे महाराष्ट्रातून छत्री दक्षिणेपासून आग्नेयेपर्यंत कुठेतरी वळते. मुंबईतून पहिला उपग्रह साधारण ६५ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर दिसतो, तर १०८ अंशांवरचा ४४ च्या आसपास, बराच खाली. समोर टॉवर उभा राहिला असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. फ्लॅटची एकुलती एक गॅलरी उत्तरेला किंवा पश्चिमेला असेल आणि सोसायटी गच्चीवर छत्री लावू देत नसेल, तर डिशचा विचार तिथेच सोडा आणि केबलवाल्याला बोलवा.

पाऊस हा दुसरा विषय. डिश ज्या लहरींवर चालते त्यांची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि जाड पावसात त्या शोषल्या जातात. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलैच्या सरी सुरू झाल्या की चित्राचे चौकोन होतात आणि मग 'नो सिग्नल'. नेमके तेव्हाच इंग्लंड दौरे आणि विम्बल्डन असतात. थोडी मोठी छत्री आणि नीट बसवलेला कोन यांनी बराच फरक पडतो. उन्हाळ्यात एकदा माणूस बोलावून सिग्नलची टक्केवारी बघून घ्या, गंजलेली वायर बदला.

ज्यांना फक्त भारताचे सामने बघायचे आहेत आणि महिन्याला काहीच भरायचं नाही, त्यांच्यासाठी डीडी फ्री डिश आहे. छत्री आणि बॉक्स मिळून एकदाच दीड-दोन हजारांच्या आसपास खर्च, पुढे मासिक भाडं नाही. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपनीला प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शनला, द्यावं लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने, विश्वचषकाचे उपांत्य आणि अंतिम सामने त्यात येतात. मात्र २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हे चित्र फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या यंत्रणेवर दाखवायचं, खासगी केबल-डिशवर नाही. 'माझ्या केबलवर डीडी स्पोर्ट्स लागतंय, पण मॅच नाही' या तक्रारीचं मूळ इथे आहे. त्यात बॉक्सचा दोष नसतो. आणि आयपीएल त्या यादीत नाही, त्यामुळे केवळ आयपीएलसाठी फ्री डिश घेऊ नका.

अर्धा मिनिट मागे

नेटवरचा सामना मागून का येतो? डिशवर चित्र ३६ हजार किलोमीटर वर जाऊन खाली येतं, त्याला पाव सेकंद लागतो. बाकीची प्रक्रिया धरून काही सेकंदांत ते तुमच्यापर्यंत पोचतं. ॲपचं काम वेगळं चालतं. तिथे चित्राचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जात तयार होतो, तो देशभरच्या सर्व्हरवर ठेवला जातो आणि तुमचा टीव्ही असे दोन-चार तुकडे आधी साठवून मगच दाखवायला लागतो. नेट क्षणभर डगमगलं तरी चित्र थांबू नये म्हणून ही साठवण. तिची किंमत म्हणजे वीस, तीस, कधी चाळीस सेकंदांचा उशीर. शेवटच्या षटकात शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू येतो आणि तुमच्याकडे गोलंदाज अजून मागे चालत जात असतो. दोनशेचा वेग घेऊनही हा उशीर जात नाही, कारण तो तुमच्या वायरमध्ये नसतोच.

ज्यांना हे सहन होत नाही त्यांनी टीव्हीचं चॅनल घ्यावं. ज्यांना चालतं त्यांनी सामन्यापुरता व्हॉट्सॲपचा गट म्यूट करावा. ॲपची एक बाजू मात्र टीव्हीला पुरून उरते: भाषा. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमानं मराठी समालोचन दिलं. केदार जाधव त्या समालोचकांत होता, आणि मोसम चालू असतानाच बंगळुरूच्या संघानं जायबंदी खेळाडूच्या जागी त्याला घेतलं. माइक ठेवून गडी मैदानात! घरात आजी-आजोबा सामना बघत असतील तर मराठी आवाजासाठी ॲपचा उशीर सोसण्यासारखा आहे.

नेट किती लागतं

आता वेगाकडे. फुल एचडी सामन्याला सलग ५ ते ८ एमबीपीएस पुरतात. फोर-के हवं असेल तर २० ते २५. दोन टीव्हीवर एचडी, एक मुलगा क्लासच्या व्हिडिओवर, दोन फोन चालू, असं सगळं धरलं तरी ३० एमबीपीएसमध्ये संसार होतो. ३० एमबीपीएसची ३९९ रुपयांची योजना जीएसटी धरून सुमारे ४७१ रुपयांना पडते. त्यापुढचे पैसे फोर-के टीव्ही असेल किंवा घरून काम करणारं माणूस मोठ्या फायली पाठवत असेल तरच भरा.

डेटाचा हिशेबही एकदा करून ठेवा. ५ एमबीपीएसनं तासाला सव्वादोन जीबी जातात. चार तासांचा टी-२० सामना म्हणजे ९ जीबी, कसोटीचा एक दिवस सोळा. २०२५ च्या आयपीएलमध्ये ७४ सामने होते. एकही न चुकवता सगळे एचडीत बघितले तरी दोन महिन्यांत ६६६ जीबी. मोठ्या कंपन्यांच्या फायबर योजनांना महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते, तिच्या जवळपासही तुम्ही जात नाही. हवेतून येणाऱ्या जोडणीला, म्हणजे एअरफायबरला, ती साधारण १,००० जीबी असते. एचडीला तीही चालते. पण फोर-केत तासाला ९ जीबी जातात आणि महिन्याचे ३७ सामने बघितले तर तेराशेच्या वर आकडा जातो. एअरफायबर आणि फोर-के ही जोडी पूर्ण मोसमासाठी जमत नाही. शिवाय एअरफायबर मोबाइलच्या टॉवरवरूनच येतं. सामन्याच्या संध्याकाळी तोच टॉवर सगळी वस्ती ओढत असते. जिथे फायबर पोचलेलं नाही तिथे घ्या, जिथे आहे तिथे नको.

मोबाइलवर बघणाऱ्यांचा हिशेब वेगळाच. कमी दर्जात, दीड एमबीपीएसवर ठेवलं तरी तासाला पाऊण जीबीच्या जवळ जातात. रोजच्या २ जीबीच्या रिचार्जवर साडेनऊला कसोटी लावली तर दुसऱ्या सत्राच्या मध्यावरच, चहापानाच्या कितीतरी आधी, डेटा संपतो. कचेरीत टेबलाखाली मोबाइल धरून बघणाऱ्यांनी धावफलकाच्या ॲपवर समाधान मानावं आणि शेवटच्या सत्रासाठी डेटा राखून ठेवावा.

वेगापेक्षा भरवसा महत्त्वाचा, आणि तो जाहिरातीत दिसत नाही. शेजारच्या घरी, त्याच इमारतीत, रात्री आठ-साडेआठला जाऊन वेग मोजा. सकाळी अकराला सगळ्यांचंच नेट पळतं. मग वायर कशी येते ते बघा. घरात बारीक काचेची वायर आणि छोटा पांढरा डबा असेल तर ते खरं फायबर. जिन्यातल्या पेटीपर्यंत फायबर आणि तिथून साधी लॅन केबल असेल, तर त्या पेटीला वीज लागते. पेटीची वीज गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही उपयोग नाही. खऱ्या फायबरच्या वाटेत बहुधा विजेवर चालणारं काही नसतं. जिथे भारनियमन किंवा वादळी पावसात वीज जाते, तिथे हा फरक सामना वाचवतो. राउटरसाठी हजार ते दोन हजारांत छोटा यूपीएस मिळतो, १२ व्होल्टचा, तो दोन-तीन तास सहज काढतो. टीव्हीची सोय इन्व्हर्टरवर हवी, हे ओघानं आलंच.

निम्म्या घरांत गोल गोल फिरणारं चक्र कंपनीच्या लाइनमुळे नसतं, वायफायमुळे असतं. राउटर दाराशी आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे. त्यात कोकणातल्या चिऱ्याच्या किंवा जुन्या वाड्याच्या जाड भिंती. पाच गिगाहर्ट्‌झचा वायफाय वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकतो. २.४ चा भिंत ओलांडतो, पण इमारतीतले सगळेच त्यावर असल्यानं गर्दीत सापडतो. उपाय स्वस्त आहे आणि कुणी करत नाही: राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर ओढा. टीव्हीचा लॅनचा खाचा बऱ्याचदा शंभर एमबीपीएसचाच असतो, तरी सामन्याला तो अनेकपट पुरतो. टीव्ही सात-आठ वर्षं जुना असेल तर त्यातलं ॲपच रखडतं. तिथे नेट बदलण्यापेक्षा एक स्ट्रीमिंग स्टिक लावा.

आणि काही वेळा दोष कुणाचाच नसतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषकाचा अंतिम सामना अहमदाबादला चालू असताना हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक होते. अशा रात्री ॲप अडखळलं तर राउटर बंद-चालू करत बसू नका, दर्जा एक पायरी खाली आणा. एवढ्या मोठ्या सामन्यासाठी टीव्हीचं एक चॅनल त्या महिन्यापुरतं चालू ठेवणं शहाणपणाचं.

'सगळं एकात' घेताना

नेट, टीव्ही आणि डझनभर ॲप एकाच बिलात देणाऱ्या योजना आकर्षक दिसतात. काही खरोखर चांगल्या असतात, विशेषतः नेटवरूनच टीव्ही चॅनल देणाऱ्या. छत्री नको आणि बिल एक. पण सही करण्याआधी बारीक अक्षरं वाचा. ॲपची कुठली पातळी मिळते, हा त्यातला कळीचा मुद्दा. जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा तीन महिन्यांना १४९ रुपयांची योजना फक्त मोबाइलसाठी होती, २९९ ची दोन पडद्यांसाठी आणि ४९९ ची चार पडद्यांसाठी. दर पुढे बदलत राहतात, आजचे ॲपमध्येच बघा. पायऱ्यांची रचना लक्षात ठेवली की झालं. मोबाइल रिचार्जबरोबर फुकट मिळणारं सभासदत्व बहुतेक वेळा मोबाइलपुरतंच असतं, आणि टीव्हीवर लावायला गेलं की पाटी येते. जाहिरातमुक्त म्हणून महागातली पायरी घेतली तरी थेट सामन्यात षटकाषटकाला जाहिराती येतातच.

पुढचा प्रश्न: ॲप योजनेबरोबर किती दिवस? काही ठिकाणी नव्वद दिवसांनंतर ते गुपचूप बंद होतं. तिसरा: राउटर आणि जोडणी 'मोफत' कशाच्या बदल्यात? सहा किंवा बारा महिने एकदम भरल्याबद्दल, हे उत्तर बहुधा येतं. नव्या ठिकाणी पहिला महिना नुसता बघण्यासाठी घ्या, जोडणीचे हजार रुपये गेले तरी चालतील. भाड्याच्या घरात राहत असाल तर हे दुप्पट खरं.

कोल्हापुरातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. वडील क्रिकेट आणि कबड्डीचे, मुलगा पेठेतल्या तालमीच्या संघात फुटबॉल खेळणारा, त्याला प्रीमियर लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही हवी. टीव्हीवर स्टार स्पोर्ट्सची एचडी चॅनलं कायम. त्यांत वडील आणि प्रीमियर लीग दोघं भागतात. चॅम्पियन्स लीगचे सामने आपल्याकडे रात्री साडेबारा किंवा दीडला सुरू होतात, तेव्हा हॉलमध्ये टीव्ही लावून घर जागं करण्यापेक्षा त्याला सोनीचं ॲप फोनवर घेऊन द्यावं, तेही बाद फेरीच्या महिन्यांत. नेट तीस-चाळीसचं. रत्नागिरीजवळच्या खेड्यातल्या, फक्त भारताचे वनडे आणि टी-२० बघणाऱ्या दाम्पत्याला फ्री डिश आणि मोबाइलचं नेट पुरे. पुण्यात चार जण मिळून खोली घेतलेल्या विद्यार्थ्यांनी टीव्ही पॅकच्या फंदात पडू नये: फायबर वाटून घ्यावं, ॲपची दोन पडद्यांची पायरी, आणि आयपीएल संपली की ती बंद. फॉर्म्युला वनचं वेड असलेल्यानं फॅनकोडवर एका शर्यतीच्या पासपासून सुरुवात करावी.

मुलांकडे अमेरिकेला चार-सहा महिने जाणाऱ्या आईवडिलांनी इथलं ॲप तिथे चालेल असं गृहीत धरू नये. हक्क देशागणिक विकलेले असतात; तिकडे आयपीएल विलो या चॅनलवर दिसते, ब्रिटनमध्ये स्कायवर. आणि निघण्यापूर्वी इथली डिश नुसती सोडून जाऊ नका. कंपनीला आगाऊ कळवून महिन्याच्या पटीत जोडणी तात्पुरती थांबवून ठेवता येते, ट्रायच्या नियमांत ती सोय आहे. टेलिग्रामवर फिरणाऱ्या फुकट लिंकांबद्दल एवढंच: ज्या फोनमध्ये बँकेचं ॲप आहे त्यात त्या उघडू नका.

चॅनल काढायला सांगूनही पैसे कापले गेले, किंवा नेट आठवडाभर बंद राहिलं, तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. फोनवर दिलेलं आश्वासन मोजलं जात नाही, क्रमांक मोजला जातो. तिथे दाद लागली नाही तर नेटच्या तक्रारीसाठी कंपनीचंच अपील प्राधिकरण आहे आणि डिश-केबलसाठी नोडल अधिकारी. दोघांचे पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर द्यावेच लागतात. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, तिकडे पत्रं लिहिण्यात वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवताना पैसे कापल्याचा संदेश आणि चॅनल काढल्याच्या दिवसाचा स्क्रीनशॉट जोडा.